विजेच्या सायकली : जुनी घडण आणि नवी घडण

नेदरलँड्स हा सपाट, पाणथळ आणि सायकलींनी गजबजलेला देश आहे. शाळकरी मुलापासून सत्तरीच्या आजीबाईपर्यंत सर्वांचे वाहन तेथे सायकल हेच असते. एकच सायकल वीस-पंचवीस वर्षे वापरण्यात तेथे कोणाला विशेष वाटत नाही. ह्या देशात विजेच्या सायकलीने अलीकडे साध्या सायकलीला गाठले. २०२० साली तेथे सुमारे ११ लाख नव्या सायकली विकल्या गेल्या आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्या विजेच्या होत्या. अशा ह्या सायकलप्रेमी देशात वर्षभराच्या आत दोन घटना घडल्या. जुलै २०२३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील व्हॅनमूफ ही विजेच्या सायकली बनविणारी कंपनी दिवाळखोर ठरली. तिच्या सायकली मोबाइलमधील किल्लीने ओळखल्या जात व उघडत. कंपनीचे संगणक बंद पडले तर आपल्या सायकलीचे काय होणार, ही चिंता ग्राहकांना पडली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील अन्न व ग्राहकवस्तू सुरक्षा प्राधिकरणाने बाबू ह्या कंपनीच्या मालवाहू सायकलींची विक्री थांबविण्याचा आणि काही नमुने परत घेण्याचा आदेश दिला. ह्या सायकलींच्या पुढील पेटीत आईबाप मुलांना बसवून शाळेत नेतात. आणि त्यांची चौकटच मोडण्याचा धोका आढळून आला होता.

ह्या दोन घटना एका जातीच्या नाहीत. पहिलीत, यंत्राचा ताबा खरोखर कोणाकडे आहे असा प्रश्न होता. दुसरीत प्रत्यक्ष धातू दगा देत होता, आणि तोही मोटार नसलेल्या नमुन्यांतसुद्धा. तरीही दोहोंच्या मुळाशी जाता एकच शंका उभी राहते. विजेच्या सायकलीची विद्या तीस वर्षांत इतकी पुढे गेली असताना, तिची घडण मागे का पडावी? जुन्या सायकली अधिक टिकाऊ होत्या, ही दुरुस्तीच्या दुकानांतून ऐकू येणारी तक्रार कितपत खरी आहे? ह्याचे उत्तर देण्यासाठी प्रथम जुन्या सायकली कशा होत्या ते पाहिले पाहिजे.

शिदोरी जास्त बांधणारे कारागीर

विजेची सायकल ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन ह्याने मागील चाकाच्या तुंब्यात मोटार बसविलेल्या सायकलीचे पेटंट १८९५ च्या अखेरीस मिळविले होते. परंतु ती बाजारात रूढ झाली ती जवळजवळ शंभर वर्षांनी. जपानमधील यामाहा कंपनीने १९९३ साली पायडलवर पडणारा जोर मोजून त्या प्रमाणात साहाय्य देणारी सायकल विक्रीस आणली. नेदरलँड्समधील स्पार्टा कंपनीची आयन ही सायकल २००३ साली आली; तिच्यात निकेल-मेटल हायड्राइड जातीचे घट चौकटीच्या नळीत दडविलेले होते.

ह्या पहिल्या पिढीतील बहुसंख्य सायकली म्हणजे साध्या सायकलीला मोटार, बॅटरी आणि नियंत्रक ह्यांची जोड दिलेली असे. बॅटरी कॅरिअरवर किंवा सीटच्या मागे, तारा चौकटीबाहेरून नेलेल्या, आणि प्रत्येक झाकण स्क्रूने लावलेले. शिसे-अम्ल घटांचा ३६ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांचा संच बारा किलोग्रॅमच्या आसपास भरत असे. आज तेवढीच ऊर्जा लिथियम घटांच्या तीन किलोग्रॅमच्या संचात मावते. एवढे ओझे वाहावयाचे म्हणून चौकट जाड, चाकाचे आरे जाड आणि कॅरिअर पोलादी असा सारा थाट असे. शिवाय मोटारीमुळे चौकटीवर नेमके किती भार येतील, ह्याचा पुरेसा अनुभव तेव्हा कोणापाशीच नव्हता. अनोळखी मुलखातून जाणारा प्रवासी जशी शिदोरी जास्त बांधून घेतो, तसा त्या काळच्या रचनाकारांनी धातू जास्त घातला. अभियंते ज्याला सुरक्षा-गुणक म्हणतात, म्हणजे प्रत्यक्ष भाराच्या कितीपट भार सोसण्याची तयारी ठेवली ते प्रमाण, तो ह्या सायकलींत अज्ञानापोटी का होईना, पण भरपूर होता.

मोटारीने मांडलेला नवा हिशोब

आता मोटारीने सायकलीवर काय बोजा पडतो ते पाहू. धडधाकट माणूस पायडल मारून तासभर टिकवू शकेल अशी शक्ती साधारणतः १०० वॅट असते. युरोपातील नियमांप्रमाणे मोटारीची अखंड शक्ती २५० वॅटपर्यंत असू शकते. चढावर थोडा वेळ ती याहून पुष्कळ अधिक शक्ती देते. म्हणजे एका सायकलीवर जणू तीन-चार स्वार पायडल मारीत आहेत. मोटार मध्यभागी, म्हणजे क्रँकपाशी असेल, तर माणसाचा व मोटारीचा मिळून सगळा जोर एकाच साखळीतून मागच्या चाकाकडे जातो. २०११ च्या सुमारास अशा मोटारींचे परिबल, म्हणजे फिरविण्याचे बळ, ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असे; पुढील दहा वर्षांत ते ८५ न्यूटन-मीटरपर्यंत गेले. साखळीची रुंदी मात्र वाढली नाही. उलट गिअर वाढले तशी ती अरुंद होत गेली.

थांबण्याचा हिशोब तर याहून बोलका आहे. १६ किलोग्रॅमची साधी सायकल आणि ७० किलोग्रॅमचा स्वार ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असतील, तर त्यांची गतिज ऊर्जा सुमारे ७५० ज्यूल होते. तोच स्वार २६ किलोग्रॅमच्या विजेच्या सायकलीवर ताशी २५ किलोमीटर वेगाने निघाला, की ती सुमारे २३०० ज्यूल होते. वजन थोडेसेच वाढले. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ब्रेकवरील काम तिप्पट झाले. ब्रेक, आरे, पुढील चिमटा आणि टायर हे साध्या सायकलीचेच ठेवून केवळ मोटार चढविली, तर ती सायकल पहिल्या दिवशी उत्तम चालते, आणि तीच तर खरी अडचण आहे. घडणीतील उणीव दुकानात दिसत नाही. ती दिसावयास दोन-तीन वर्षे जावी लागतात.

धातूचा शीण

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रशियात रेल्वेचे आस अचानक मोडत असत. ते का मोडतात ह्याचा शोध आउगुस्ट व्होलर ह्या अभियंत्याने अनेक वर्षे घेतला. त्याला असे आढळले की, एका वेळी धातूला सहज पेलणारा भारच लक्षावधी वेळा पुनःपुन्हा आला, तर धातूत प्रथम सूक्ष्म तडा जातो, तो हळूहळू वाढतो आणि एके दिवशी तुकडा पडतो. ह्यालाच धातूचा शीण म्हणतात. पोलादाची एक मर्यादा असते. तिच्या खालचे भार कितीही वेळा आले तरी, गंज चढला नसेल तर, तडा जात नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नाही. लहान भारही पुरेशा वेळा आले की ते आपला वाटा वसूल करतात.

ह्याचा अर्थ ॲल्युमिनियम वाईट असा नव्हे. ते हलके असते, गंजत नाही. ज्यांनी हिशोब नीट केला आहे त्यांच्या चौकटी दीर्घकाळ टिकतात. पण त्यात काटकसरीला जागा फार. चौकटीसाठी नेहमी वापरला जाणारा ६०६१ क्रमांकाचा मिश्रधातू घ्या. वेल्डिंग करताना सांध्याजवळील भाग तापतो आणि तेथील बळ सुमारे निम्म्यावर येते. ते परत मिळविण्यासाठी संपूर्ण चौकट भट्टीत तापवून, झटकन थंड करून, पुन्हा मंद उष्णतेत ठेवावी लागते. ह्या उष्णता-संस्करणाला इंधन लागते, वेळ लागतो, आणि वाकलेल्या चौकटी पुन्हा सरळ कराव्या लागतात. कारखानदाराने हा टप्पा आखडता घेतला तर रंगाखाली काही दिसत नाही. वजन तेच, चकाकी तीच.

दुसरी गोष्ट बॅटरीच्या जागेची. नवी सायकल साध्या सायकलीसारखी सडपातळ दिसावी म्हणून बॅटरी चौकटीच्या तिरप्या नळीत घालतात, आणि ती काढता यावी म्हणून नळीचा एक अंग कापून मोकळा ठेवतात. ह्याने काय होते हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहावा. कापडाच्या दुकानात ज्यावर कापड गुंडाळलेले असते तसली पुठ्ठ्याची नळी घ्यावी आणि दोन्ही हातांनी पिळून पाहावी. ती दाद देत नाही. मग धारदार सुरीने तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चीर पाडावी व पुन्हा पिळावे. तीच नळी आता सहज पिळली जाते, आणि चिरेच्या दोन कडा एकमेकींच्या पुढेमागे सरकताना दिसतात. पुठ्ठा तेवढाच आहे. फक्त बंद घेर उघडा झाला. गणित सांगते की, २५ मिलिमीटर त्रिज्येच्या व २ मिलिमीटर जाडीच्या नळीस अशी पूर्ण चीर पाडली, तर पिळास तिचा होणारा विरोध मूळच्या चारशेव्या भागाहूनही कमी उरतो. सायकलीत नळीची दोन्ही टोके बंद असतात, कडा जाड करतात, आत आडव्या पट्ट्या देतात. चांगला रचनाकार ह्या मार्गांनी हरवलेले बळ बऱ्याच अंशी परत मिळवितो. जो नुसते बाह्य रूप पाहून नक्कल करतो तो ते करीत नाही. मग प्रत्येक पायडलागणिक चौकट थोडी पिळली जाते, आणि तो पीळ वेल्डिंगच्या सांध्यावर जाऊन साठतो.

युरोपात विजेच्या सायकलींसाठी ई. एन. १५१९४ हे मानक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत यांत्रिक चाचण्यांवर अधिक भर दिला गेला. शहरी सायकलींच्या चौकटींची एक प्रचलित चाचणी अशी असते की, दोन्ही पायडलांवर आळीपाळीने १००० न्यूटनचे बल एक लाख वेळा द्यावयाचे. मिनिटाला साठ फेरे धरले तर हे जेमतेम अठ्ठावीस तासांचे पायडल मारणे झाले. परंतु १००० न्यूटन म्हणजे शंभर किलोग्रॅम वजन एका पायडलवर उभे राहण्यासारखे आहे. नेहमीच्या चालीत त्याच्या चतुर्थांशही जोर क्वचितच लागतो. थोड्या मोठ्या भारांत अनेक वर्षांचे लहान भार कोंबण्याची ही युक्ती आहे. अशी चाचणी प्रामाणिकपणे केलेली चौकट आणि न केलेली चौकट शेजारी ठेवल्या, तर जाणत्या डोळ्यालाही फरक सांगता येणे कठीण.

न दिसणारी काटकसर

बॅटरीच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. आजचा लिथियम घट हा विसाव्या शतकातील कोणत्याही घटापेक्षा सरस आहे, ह्याबद्दल वाद नाही. शिसे-अम्ल संच सुमारे तीनशे वेळा भरून रिता केला की थकत असे. चांगला लिथियम संच पाचशे ते हजार वेळा टिकतो. पण सायकलीची बॅटरी म्हणजे एक घट नव्हे. १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर लांबीचे, बोटाएवढे चाळीस-पन्नास घट तीत एकत्र बांधलेले असतात. त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या शुद्ध निकेलच्या असाव्यात. स्वस्त संचांत निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्ट्या घालतात. पोलादाचा विद्युत्-रोध कितीतरी अधिक असल्याने त्या तापतात. सर्व घट सारख्या क्षमतेचे निवडलेले असावेत. त्यांत एक दुबळा असला तर दर वेळी तोच प्रथम रिता होतो, अधिक खचतो, आणि अखेरीस संपूर्ण संचाला मारतो. घटांवर देखरेख ठेवणारे मंडल त्यांतील फरक सावरते. स्वस्त संचात ते नावापुरतेच असते.

शिसे-अम्ल घट दुबळा झाला तर सायकल वाटेत थांबे. एवढ्यावर भागत असे. लिथियम घट आतून जोडला गेला तर तो स्वतःच्या उष्णतेने पेट घेतो आणि शेजाऱ्यालाही पेटवितो. न्यूयॉर्क शहरात लिथियम बॅटऱ्यांमुळे २०२३ साली २६८ आगी लागल्या आणि १८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या शहरात घरोघरी खाद्यपदार्थ पोचविणारे हजारो कामगार विजेच्या सायकलींवर पोट भरतात. पुष्कळदा तेच स्वस्त किंवा जुन्या घटांपासून पुन्हा बांधलेल्या बॅटऱ्या घेतात आणि राहत्या खोलीत त्या भरीत ठेवतात. सप्टेंबर २०२३ पासून त्या शहरात यू. एल. २८४९ हे सुरक्षा-मानक पाळणाऱ्या सायकलीच विकण्याचे बंधन घालण्यात आले. चीनने तर १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या मानकात, आग पसरू नये म्हणून, सायकलीतील प्लॅस्टिकचे वजन एकूण वजनाच्या ५.५ टक्क्यांपुरते मर्यादित केले आहे.

मोटारीतही काटकसर शिरली. पूर्वीच्या अनेक सायकलींत तुंब्यातच थेट फिरणारी, दातेरी चाके नसलेली मोटार असे. ती जड आणि चढावर जरा मंद. पण तीत झिजण्यासारखे बेअरिंगपलीकडे फारसे काही नसे. तिच्या जागी आलेल्या लहान, चपळ मोटारींत नायलॉनची दातेरी चाके असतात. नायलॉन आवाज करीत नाही आणि अचानक धक्का बसला तर स्वतः झिजून इतर भाग वाचविते, त्यामुळे ती निवड मुळात चुकीची नाही. झिजलेले चाक दुकानात मिळाले पाहिजे, एवढेच. ते मिळत नसेल तर थोडक्या किमतीच्या चाकासाठी संपूर्ण मोटार टाकून द्यावी लागते.

एका बाबतीत मात्र नवी स्वस्त सायकल उघडउघड मागे गेली आहे. १९९३ च्या जपानी सायकलीत स्वाराचा जोर मोजणारा संवेदक होता. आजच्या पुष्कळ स्वस्त सायकलींत क्रँकवर बसविलेली चुंबकांची एक चकती तेवढी असते. क्रँक फिरतो आहे की नाही एवढेच तिला कळते. पाय किती जोराने पडतो हे न कळल्यामुळे मोटार एकदम पूर्ण जोर लावते. सायकल हिसका देऊन निघते, आणि तो हिसका आरे, साखळी व दातेरी चाके ह्यांना दिवसातून शेकडो वेळा सोसावा लागतो.

काळाची चाळणी

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. वीस वर्षांपूर्वीची एखादी सायकल आजही रस्त्यावर दिसते म्हणून त्या काळच्या सर्वच सायकली टिकाऊ होत्या असे ठरत नाही. ज्या मोडल्या त्या भंगारात गेल्या. डोळ्यांपुढे उरल्या त्या निवडक. शिवाय तेव्हा अशा सायकली थोड्या होत्या व महाग होत्या. आज त्या सर्व किमतींत मिळतात. जुन्या काळातील उत्तम वस्तूशी आजच्या सर्वांत स्वस्त वस्तूची तुलना करून घडण खालावली असे म्हणणे न्यायाचे नाही. आजची चांगली सायकल जुन्या चांगल्या सायकलीपेक्षा अधिक दूर जाते, लवकर थांबते आणि पावसात अधिक भरवशाची असते.

ही वजाबाकी केल्यावरही दोन गोष्टी उरतात. पहिली अशी की, शिदोरी संपली आहे. भार किती येतात हे आता माहीत झाल्यामुळे रचनाकार नेमका तेवढ्याचपुरता धातू ठेवू लागले; ज्याने हिशोब बरोबर केला त्याची सायकल उत्तम, पण ज्याचा चुकला त्याला सांभाळून घेणारे जादा बळ सायकलीत राहिले नाही. दुसरी गोष्ट दुरुस्तीची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. नियंत्रकावर काळी राळ ओतून तो कायमचा बंद करतात. पाणी शिरू नये हा त्यातील सद्हेतू. पण एक तुटकी तार जोडण्याची वाटही त्याने बंद होते. बॅटरी आणि मोटार एकमेकींशी सांकेतिक भाषेत बोलतात, आणि परकी बॅटरी लावली तर मोटार चालण्याचे नाकारते. अनोळखी बॅटरीने आग लागू नये हे त्याचे समर्थन खरे आहे. परंतु कंपनीने तो नमुना बंद केला, किंवा कंपनीच बंद पडली, की धडधाकट चौकट आणि धडधाकट मोटार निकामी ठरते. व्हॅनमूफचा धडा हाच होता. त्या वेळी एका प्रतिस्पर्धी कंपनीने ग्राहकांना आपापल्या सायकलीची सांकेतिक किल्ली मोबाइलमध्ये जपून ठेवता येईल असे साधन तातडीने काढले, आणि ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस व्हॅनमूफलाही नवा मालक मिळाला. साध्या सायकलीच्या मालकाला कारखानदाराच्या प्रकृतीची अशी काळजी कधी करावी लागली नव्हती.

ह्यावर कायद्याने उपाय करण्याचा प्रयत्न युरोपीय संघाने केला आहे. २०२३ सालच्या बॅटरी-नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून सायकलीसारख्या हलक्या वाहनांची बॅटरी, इतकेच नव्हे तर तीतील सुटे घटही, कोणत्याही स्वतंत्र कारागिराला काढता व बदलता आले पाहिजेत. नमुन्याची विक्री संपल्यावर पाच वर्षे बदली बॅटरी वाजवी किमतीत मिळाली पाहिजे.

भारतात मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोग्रॅमपर्यंत असेल, तर असे वाहन केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार-वाहन ठरत नाही; त्याला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. त्याची तपासणी नियमांत नमूद केलेल्या चाचणी-संस्था करतात. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही त्यांपैकी एक. ह्या व्याख्येत शक्ती, वेग, वजन, ब्रेक आणि प्रकाश परतविणाऱ्या काचा ह्यांचा उल्लेख आहे. वेल्डिंगचा सांधा किती लाख हिसके सोसेल ह्याचा उल्लेख तीत नाही. तेव्हा ते पाहण्याचे काम घेणाऱ्यावर आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यावरच येते. सायकल स्वच्छ पुसून हँडलखाली नळ्या जुळतात तो सांधा, क्रँकभोवतालचा भाग आणि मागील चाकाचा आस बसतो त्या खाचा उजेडात पाहाव्यात. तेथे रंगावर केसाएवढी रेघ दिसली आणि ती फडक्याने जात नसेल, तर सायकल चालवू नये. आरे एकेक करून हाताने वाजवून पाहावेत. सैल आरा बोद आवाज करतो. बॅटरीचे कवच फुगले असेल किंवा भरताना तिला गोडसर, औषधासारखा वास येत असेल, तर भरणे तेथेच थांबवून ती घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी.